रेषांकनाचा रंग (वाहनतळ व गोदाम)

वाहनतळ, गोदाम, वखार किंवा कारखाना यांच्या जमिनीवर वाहनांचे खण, ये-जा करण्याच्या वाटा, मालाच्या थप्प्यांच्या हद्दी आणि धोक्याच्या जागा दाखवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रंगास रेषांकनाचा रंग असे म्हणतात. व्यवहारात या कामास ‘पट्टे मारणे’ किंवा ‘मार्किंग करणे’ म्हटले जाते. भिंतीवरचा रंग प्रामुख्याने ऊन-पाऊस सोसतो; जमिनीवरील रंगास त्याखेरीज टायरांचे घर्षण, तापलेल्या रबराची ओढ, सांडलेले इंधन व वंगण, चिखल आणि रोजची झाडलोट सोसावी लागते. त्यामुळे भिंतीसाठी किंवा लोखंडी दारासाठी उत्तम ठरलेला रंग जमिनीवर काही आठवड्यांत निघून जाऊ शकतो.

या रंगाची निवड सहसा दुकानातील डबे व त्यांच्या किमती यांवरून केली जाते. वस्तुतः रेषा ज्या पृष्ठभागावर मारायची तो पृष्ठभाग हा निवडीचा पहिला आधार होय. डांबर, काँक्रीट, पेव्हर ब्लॉक आणि शहाबादी फरशी यांवर एकच रंग सारखा टिकत नाही. पृष्ठभागानंतर वाहतुकीचा प्रकार, ऊन व पावसाचा संपर्क आणि काम पूर्ण करण्यासाठी जागा किती तास मोकळी ठेवता येते, या बाबींचा विचार येतो. पुसट झालेल्या रेषेचे परिणाम केवळ दिसण्यापुरते नसतात. अनेक गोदामांत पायी चालणारा कामगार आणि फोर्कलिफ्ट यांच्या वाटा वेगळ्या ठेवणारी एकमेव खूण म्हणजे जमिनीवरील ही रेषा असते.

रंगाची घडण

कोणत्याही रंगात तीन मुख्य घटक असतात. रंगद्रव्यामुळे छटा व झाकण्याची क्षमता येते, बंधकामुळे रंगद्रव्याचे कण एकमेकांस आणि पृष्ठभागास धरून राहतात, तर द्रावकामुळे मिश्रण लावण्याजोगे पातळ होते. द्रावक उडून गेल्यावर मागे राहणारा घन भाग हाच खरा रंग. एखाद्या रंगात आकारमानाने ५० टक्के घन भाग असेल, तर ३०० मायक्रॉन जाडीचा ओला थर सुकून १५० मायक्रॉनच उरतो. स्वस्त रंगाच्या डब्यात द्रावकाचे व भरणीच्या पुडीचे प्रमाण अधिक असू शकते. म्हणून दोन रंगांच्या किमतींची तुलना प्रतिलिटर न करता घन भागाच्या हिशेबाने करणे योग्य ठरते.

बंधक व पृष्ठभाग यांचे नाते किती महत्त्वाचे असते, याचे उदाहरण अजिंठा येथील भित्तिचित्रांत पाहावयास मिळते. तेथे बेसाल्ट खडकावर माती व वनस्पतिजन्य तंतूंचा गिलावा, त्यावर पातळ पांढरा थर आणि त्यावर कोरड्या पृष्ठभागावर खनिज रंग अशी रचना आहे. पिवळी व लाल गेरूमाती, हिरवी माती, काजळी आणि निळ्यासाठी लाजवर्द ही त्यांतील रंगद्रव्ये होत. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या आरंभी हैदराबाद संस्थानाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर लाखेपासून केलेल्या वॉर्निशचा लेप दिला. हा लेप कालांतराने पिवळसर पडला आणि पुढील पिढीतील रसायनतज्ज्ञांना तो काढण्याचे काम करावे लागले. लेप स्वतः चांगला असणे आणि तो खालच्या थराशी जुळणे या भिन्न बाबी आहेत. वाहनतळावरील पिवळ्या पट्ट्यासही हेच लागू होते.

पृष्ठभाग

डांबर: डांबराचा पृष्ठभाग खडबडीत व काहीसा लवचीक असतो, त्यामुळे रंग चांगला बसतो. मात्र झायलीन, टोल्युइन यांसारखी तीव्र द्रावके डांबर विरघळवतात. असा रंग नव्या डांबरावर लावल्यास डांबरातील तेलकट अंश वर येऊन पांढरी रेषा तपकिरी दिसू लागते. नवे डांबर काही आठवडे वाहतुकीखाली राहू देऊन मग कायमच्या रेषा मारणे, किंवा पाण्यावर आधारित ॲक्रिलिक रंग वापरणे, हे त्यावरील उपाय होत. डांबर उन्हाने मऊ होते आणि थंडीत आकसते. त्यावर कडक इपॉक्सीचा थर दिल्यास खालचा पृष्ठभाग हलतो, पण थर हलत नाही. परिणामी तडे जातात आणि काही वेळा डांबराचा पापुद्राही सोबत निघतो.

काँक्रीट: ताजे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते, त्याचा सामू १२ ते १३ इतका असतो. बाजारात ‘ऑइल पेंट’ या नावाने मिळणारा रंग बहुधा अल्किड प्रकारचा असतो. अल्कली व ओलावा यांच्या संपर्कात त्यातील तेलाचे साबणीकरण होते आणि थर चिकट होऊन सुटतो. गावोगावच्या गोदामांत दरवर्षी पट्टे मारूनही ते टिकत नाहीत, याचे हे एक सर्वसामान्य कारण आहे. दोष बहुधा रंगाऱ्याच्या हाताला दिला जातो. नव्या काँक्रीटला किमान २८ दिवस झाल्याखेरीज त्यावर कोणताही लेप देऊ नये, असा सर्वसाधारण संकेत आहे.

वय पूर्ण झाले तरी काँक्रीट कोरडे असेलच असे नाही. खालून ओल चढत असल्यास फुगे येऊन रंग सुटतो. याची सोपी चाचणी म्हणजे सुमारे दीड फूट बाजूचा पारदर्शक प्लास्टिकचा चौकोन चारही कडांनी चिकटपट्टीने जमिनीवर घट्ट बसवून किमान १६ तास ठेवणे. प्लास्टिकच्या आतील बाजूस पाण्याचे थेंब दिसले किंवा काँक्रीट काळपट पडले, तर ओल आहे असे समजावे. पावसाळ्यानंतर लगेच घेतलेल्या चाचणीचा निकाल उन्हाळ्यातील निकालापेक्षा वेगळा येऊ शकतो, म्हणून ती काम सुरू करण्याच्या आदल्या दिवशी घेणे अधिक उपयुक्त असते.

ट्रिमिक्स फरशी: महाराष्ट्रातील अनेक नव्या गोदामांत निर्वात पंपाने जादा पाणी काढून घेतलेले व यंत्राने घोटलेले काँक्रीट असते. त्यास ‘ट्रिमिक्स’ म्हणतात. वरून कठीण पूड घोटल्याने ते काचेसारखे गुळगुळीत होते. फोर्कलिफ्टसाठी हा गुण आहे, रंगासाठी अवगुण. कारण रंगास शिरण्यासाठी छिद्रेच उरत नाहीत. फरशीवर पाण्याचे काही थेंब टाकावेत. ते एखाद्या मिनिटात शोषले गेले तर पृष्ठभाग रंग घेण्याजोगा आहे. मोत्यासारखे तसेच राहिले तर पृष्ठभाग घोटलेला, मेणकट किंवा तेलकट आहे. अशा वेळी रेषेच्या रुंदीपुरती फरशी हिऱ्याच्या चकतीने घासून घ्यावी लागते. पातळ आम्ल ओतून फरशी खरवडण्याची पद्धतही रूढ आहे. ते आम्ल पूर्णपणे धुतले गेले नाही, तर उरलेले क्षार रंगाखाली ओल धरून ठेवतात.

पेव्हर ब्लॉक: शासकीय आवारे, मंगल कार्यालये आणि पर्यटनस्थळांचे वाहनतळ यांत पेव्हर ब्लॉकचा वापर मोठ्या प्रमाणावर होतो. प्रत्येक ठोकळा स्वतंत्रपणे किंचित हलत असल्याने रेषा सांध्यांवर तुटते. सांध्यांतील वाळू व ठोकळ्यांवर येणारे पांढरे क्षार हीही अडचण असते. येथे सर्वांत टिकाऊ उपाय रंगाचा नाही: फरशी बसवतानाच रेषेच्या जागी पांढरे किंवा पिवळे ठोकळे बसवले, तर खणांच्या हद्दी पुन्हा रंगवाव्या लागत नाहीत. नियोजनाच्या वेळी ही बाब सुचल्यास खर्च फारसा वाढत नाही. नंतर सुचल्यास ठोकळे उखडावे लागतात.

शहाबादी व कोटा फरशी: जुन्या वखारींत या फरश्या आढळतात. पॉलिश केलेल्या कोटा फरशीवर रंग टिकत नाही. तेथे जमिनीवर चिकटवण्याची पट्टी अधिक उपयोगी पडते.

मुरूम: जत्रा, आठवडी बाजार व सभांच्या वेळी मुरमाच्या मैदानात वाहनतळ केला जातो. सुटणाऱ्या पृष्ठभागावर कोणताही रंग टिकत नाही. तेथे कबड्डीच्या मैदानाप्रमाणे फक्की मारणे, दोरी बांधणे किंवा चुन्याने रंगवलेले दगड लावणे हेच व्यवहार्य असते.

रंगांचे प्रकार

अल्किड रंग स्वस्त असून सहज मिळतो. परंतु काँक्रीटवर तो वर वर्णिलेल्या कारणाने अयोग्य ठरतो. रस्त्यांसाठीच्या तयार रंगाचे भारतीय मानक आय.एस. १६४ हे असून रंगछटांसाठी आय.एस. ५ हे मानक आहे. क्लोरिनेटेड रबरचा रंग अल्कलीस दाद देत नाही आणि लवकर सुकतो. त्याच्या निर्मितीत ओझोन थरास हानिकारक असलेले कार्बन टेट्राक्लोराइड वापरले जात असल्याने मॉन्ट्रियल करारानंतर त्याचा प्रसार कमी झाला.

उघड्या वाहनतळासाठी ॲक्रिलिक रंग मध्यम मार्ग ठरतो. द्रावकयुक्त ॲक्रिलिक लवकर सुकतो. पाण्यावर आधारित ॲक्रिलिकला वास कमी असतो व तो डांबर विरघळवत नाही, परंतु दमट हवेत त्याचे सुकणे लांबते आणि पूर्ण सुकण्यापूर्वी पाऊस आल्यास रंग वाहून जातो. दोन्ही प्रकार उन्हात पिवळे पडत नाहीत.

इपॉक्सी हा दोन घटकांचा रंग असून मूळ रेझिन व हार्डनर ठरावीक प्रमाणात मिसळल्यावर रासायनिक क्रियेने कडक होतो. काँक्रीटशी त्याची पकड उत्तम असते आणि तेल, डिझेल व फोर्कलिफ्टची चाके तो चांगली सोसतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी मात्र तो पिवळा पडून खडूसारखा भुकटा होतो. म्हणून त्याची जागा छताखाली आहे. मिश्रण तयार झाल्यावर ते ठरावीक वेळेतच वापरावे लागते. उन्हाळ्यात ही मुदत आणखी कमी होते. ‘अंदाजाने’ हार्डनर घालण्याची सवय या रंगास विशेष मारक ठरते. प्रमाण चुकल्यास थर कधीच पूर्ण कडक होत नाही. ॲलिफॅटिक प्रकारचा पॉलियुरेथेन उन्हातही छटा टिकवतो व घर्षण सोसतो, म्हणून इपॉक्सीच्या थरावर वरचा लेप म्हणून त्याचा उपयोग होतो. त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेटमुळे श्वसनविकार जडू शकतात. ते हाताळताना योग्य मुखवटा आवश्यक असतो.

थर्मोप्लास्टिक हा द्रावकविरहित प्रकार आहे. रेझिन, रंगद्रव्य, भरणी व काचेचे बारीक मणी यांची पूड सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअस तापमानाला वितळवून रस्त्यावर ओढली जाते आणि काही मिनिटांत थंड होऊन घट्ट होते. भारतातील राष्ट्रीय महामार्गांच्या कामात या थराची जाडी २.५ मिलिमीटर ठेवण्याची आणि वरून दर चौरस मीटरला २५० ग्रॅम काचमणी टाकण्याची तरतूद आहे. डांबरावर तो वितळून एकजीव होतो. काँक्रीटवर प्रायमरविना सुटतो. गोदामाच्या आत त्याचा उपयोग सहसा टाळला जातो, कारण हाताने ओढायच्या पॅलेट ट्रकची लहान चाके जाड कडेवर आपटतात आणि कड तुटत जाते. यासारखाच टिकाऊ पण भट्टीविना लावता येणारा प्रकार म्हणजे मिथाइल मेथाक्रिलेटचे ‘शीत प्लास्टिक’. त्याचा वास उग्र असल्याने बंद जागेत ते त्रासदायक ठरते.

चिकटवण्याच्या पट्ट्या रंग नसल्या, तरी वारंवार बदलणाऱ्या मांडणीसाठी त्या सोयीच्या असतात. फोर्कलिफ्ट जागीच वळते तेथे त्या गुंडाळल्या जातात.

काचमण्यांविषयी एक गैरसमज आढळतो. त्यांचे काम वाहनाच्या दिव्याचा प्रकाश चालकाकडे परत पाठवण्याचे असते. रात्री वापरल्या जाणाऱ्या उघड्या वाहनतळात त्यांचा उपयोग होतो. दिवे लावलेल्या गोदामात ते फारसे कामाचे नसतात, उलट पृष्ठभाग निसरडा करतात. तेथे रंगात बारीक गारगोटीची वाळू मिसळणे अधिक योग्य असते.

फर्दापूर येथील परिस्थिती

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या सोयगाव तालुक्यातील फर्दापूर हे गाव अजिंठा घाटाच्या पायथ्याशी, जळगावकडे जाणाऱ्या महामार्गावर आहे. अजिंठा लेणी १९८३ मध्ये जागतिक वारसा स्थळांच्या यादीत समाविष्ट झाली. वाहनांच्या धुरापासून लेण्यांचे रक्षण व्हावे म्हणून पर्यटकांची खासगी वाहने फर्दापूर टी-पॉइंट येथे थांबवली जातात आणि तेथून सुमारे ४ किलोमीटरचे अंतर राज्य परिवहन महामंडळाच्या बसने पार करावे लागते. त्यामुळे मोटारी, सहलींच्या बस, दुचाक्या व पायी चालणारे प्रवासी एकाच आवारात एकत्र येतात. शालेय सहलींच्या दिवसांत तर बसमधून उतरणारी मुले आणि मागे येणारी वाहने यांच्यात रेषेखेरीज काही नसते. वाहनतळाच्या रंगाची निवड करताना ज्या अडचणी येतात, त्यांपैकी बहुतेक अशा ठिकाणी एकवटलेल्या दिसतात.

पहिली अडचण हवामानाची. एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंशांपुढे जाते आणि डांबराचा पृष्ठभाग हवेपेक्षा बराच अधिक तापतो. अशा पृष्ठभागावर दुपारी रंग लावल्यास वरची साय लगेच धरते, आत अडकलेले द्रावक फुगे करून बाहेर पडते आणि रंग खाली मुरत नाही. त्याच दिवसांत संध्याकाळी वळीव येण्याची शक्यता असते. जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा काळ पावसाचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम रंगासाठी अनुकूल असतो, मात्र पहाटे दव पडते. पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी अधिक असावे, असा लेपनकामातील संकेत आहे. म्हणजे उन्हाळ्यात पहाटे काम करणे इष्ट, तर हिवाळ्यात ऊन वर आल्यावर. पर्यटकांची गर्दीही नेमकी याच थंडीच्या महिन्यांत असते.

दुसरी अडचण वेळेची. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात. रविवारी संध्याकाळी शेवटची वाहने गेल्यापासून मंगळवारी सकाळपर्यंत दीड दिवसाहून अधिक अवधी मिळतो. द्रावकयुक्त ॲक्रिलिकचे दोन थर या काळात सहज सुकतात. थर्मोप्लास्टिकला त्याचा अल्प भागही पुरतो. इपॉक्सीला मात्र पूर्ण ताकद येण्यास सुमारे ७ दिवस लागतात. त्यामुळे उघड्या जागेतील त्याच्या उन्हाच्या दोषाखेरीज हाही मुद्दा त्याच्या विरुद्ध जातो.

तिसरी अडचण मातीची आहे. हा दख्खनच्या बेसाल्टचा व काळ्या मातीचा प्रदेश. पावसाळ्यात शेतरस्त्यांवरून येणाऱ्या चाकांबरोबर चिकट माती वाहनतळावर येते, वाळते आणि तिची बारीक धूळ रेषांवर बसते. रेषा झिजलेली नसतानाही ती दिसेनाशी होते. अशा ठिकाणी पुन्हा रंगवण्याआधी पट्टा पाण्याने व ताठ झाडूने घासून पाहावा. धुळीच्या थरावर दिलेला नवा रंग त्या धुळीसकट निघतो.

या सर्वांचा विचार करता अशा वाहनतळात बस वळण्याच्या जागा, प्रवेशद्वार व पादचाऱ्यांचे पट्टे यांसाठी डांबरावर थर्मोप्लास्टिक आणि वाहने केवळ उभी राहतात त्या खणांसाठी ॲक्रिलिक, अशी विभागणी खर्च व टिकाऊपणा या दोन्ही दृष्टींनी समंजस ठरते. सबंध आवारास एकच रंग वापरण्याची प्रथा निविदा काढण्यास सोपी असली, तरी खणांवर पैसा वाया जातो किंवा वळणांवर रंग कमी पडतो. ओल्या थर्मोप्लास्टिकवर दुचाकी घसरू शकते. म्हणून दुचाक्यांच्या वळणावर रुंद भरीव पट्टे टाळावेत.

गोदामे व वखारी

गोदामांत रेषांची कामे दोन परंपरांतून आली आहेत. धान्याच्या वखारींत पोत्यांच्या थप्प्या लावण्यासाठी जमिनीवर चौकोन आखले जातात. केंद्रीय व राज्य वखार महामंडळे १९५७ मध्ये स्थापन झाली, आणि शास्त्रीय साठवणुकीत थप्पीची आखणी हा प्राथमिक भाग मानला जातो. साधारणतः ३० फूट लांब व २० फूट रुंद थप्पी आणि भिंतीपासून अडीच फुटांच्या आसपास मोकळी वाट ठेवली जाते. ही वाट नसेल तर पोती मोजता येत नाहीत, भिंतीची ओल धान्यास लागते आणि धुरीकरणासाठी आच्छादन घालता येत नाही. हमालाच्या पाठीवर पोते असताना त्याला नकाशा पाहता येत नाही. जमिनीवरील रेषा हाच त्याचा नकाशा.

दुसरी परंपरा कारखान्यांची. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३२ नुसार जमिनी व वाटा मजबूत, अडथळारहित आणि घसरण्यास कारण होणाऱ्या पदार्थांपासून मुक्त असणे आवश्यक होते. वाळूज, शेंद्रा व चिकलठाणा यांसारख्या औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांत फोर्कलिफ्टची वाट, पादचाऱ्यांची वाट आणि मालाची जागा रेषांनी वेगळी केलेली असते. विजेच्या फलकासमोरील आणि अग्निशामकाखालील जागा मोकळी राहावी म्हणून तेथेही पट्टे असतात.

रंगासाठी गोदामातील सर्वांत कठीण जागा फोर्कलिफ्ट वळण घेते ती आहे. भार उचललेल्या यंत्राचे मागील चाक जवळजवळ जागीच फिरते आणि रबर रंगावर घासत राहते. सरळ वाटेवरील रेषा चांगली दिसत असताना कोपऱ्यावरील रेषा नाहीशी झालेली असते, आणि टक्कर होण्याचा संभव कोपऱ्यावरच अधिक. तेथे घासलेल्या फरशीवर इपॉक्सीचे दोन थर आणि वर पॉलियुरेथेन देणे, किंवा रेषा वळणाच्या मार्गातून थोडी बाजूस घेणे, असे उपाय केले जातात.

अन्नधान्य, चहा किंवा पीठ साठवलेल्या गोदामात द्रावकयुक्त रंग वापरू नये. हे पदार्थ वास ओढून घेतात. शिवाय बंद जागेत द्रावकाची वाफ साचल्यास आग लागण्याचा व रंगाऱ्यास गुंगी येण्याचा धोका असतो. अशा ठिकाणी पाण्यावर आधारित किंवा द्रावकविरहित दोन घटकी रंग निवडला जातो.

मापे व रंगाचा हिशेब

महाराष्ट्रात २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार मोटारीच्या खणाचे माप २.५ मीटर × ५ मीटर आणि दुचाकीचे १ मीटर × २ मीटर धरले जाते. अपंग व्यक्तींच्या वाहनासाठी चाकाची खुर्ची बाजूस आणता यावी म्हणून ३.६ मीटर रुंदीचा खण राखला जातो. रेषेची रुंदी बहुधा १०० मिलिमीटर असते. रस्त्यांवरील रेषांसाठी भारतीय रस्ते महासभेची आय.आर.सी. ३५ ही संहिता आहे. ती प्रथम १९७० मध्ये प्रसिद्ध झाली व तिची सुधारित आवृत्ती २०१५ मध्ये निघाली.

लागणारा रंग काढण्याची रीत सोपी आहे. एक लिटर रंग एक चौरस मीटरवर पसरल्यास ओल्या थराची जाडी १ मिलिमीटर होते. समजा, एका रांगेत मोटारींचे २० खण आहेत. त्यांसाठी ५ मीटरच्या २१ आडव्या रेषा म्हणजे १०५ मीटर आणि मागील बाजूची ५० मीटरची सलग रेषा, अशी एकूण १५५ मीटर लांबी होते. १०० मिलिमीटर रुंदीने क्षेत्रफळ १५.५ चौरस मीटर भरते. ओल्या थराची जाडी ३०० मायक्रॉन ठेवायची असल्यास एका थरास सुमारे ४.६५ लिटर, दोन थरांस ९.३ लिटर आणि थोडी नासधूस धरून १० लिटर रंग लागतो. हेच काम कोणी ४ लिटरच्या एका डब्यात ‘दोन हात मारून’ देऊ म्हणत असेल, तर थर निम्म्याहून पातळ राहणार किंवा थिनरने वाढवलेला असणार हे उघड आहे. ओला थर मोजण्यासाठी दातेरी कंगव्यासारखी पट्टी मिळते. ती रेषेत टेकवताच जाडी कळते. देयक देण्यापूर्वी हा हिशेब पाहणे छटा पाहण्यापेक्षा अधिक उपयोगाचे असते.

छटा आणि शिसे

डांबरावर पांढरी रेषा ठळक दिसते. फिकट काँक्रीटवर तीच हरवते, म्हणून गोदामांत पिवळ्या रंगाचे प्राबल्य आहे. धोक्याच्या कडांसाठी काळे-पिवळे तिरके पट्टे, अग्निशामक साधनांसाठी लाल आणि अपंगांसाठी राखीव खणावर निळ्या पार्श्वभूमीवर पांढरे चिन्ह वापरले जाते. सुरक्षिततेच्या रंगांसाठी आय.एस. ९४५७ हे भारतीय मानक आहे. इतर छटांचे अर्थ कारखान्यागणिक बदलतात. एकाच आवारात एका छटेचे दोन अर्थ नसावेत एवढे पथ्य पुरेसे असते.

पिवळ्या छटेचा एक प्रश्न गंभीर आहे. ठळक, झाकणारा व उन्हात टिकणारा पिवळा रंग स्वस्तात मिळवण्यासाठी दीर्घकाळ लेड क्रोमेट हे रंगद्रव्य वापरले गेले. त्यात शिसे व षट्संयुजी क्रोमियम ही दोन्ही विषारी द्रव्ये असतात. भारतात २०१६ च्या नियमांन्वये, १ नोव्हेंबर २०१७ पासून, घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक असण्यास मनाई आहे. हे नियम औद्योगिक रंगांना लागू नाहीत, आणि जमिनीवरील पट्ट्यांचे रंग पुष्कळदा औद्योगिक म्हणून विकले जातात. चाकांखाली झिजलेला रंग धुळीत मिसळतो. ती धूळ झाडणाऱ्या कामगाराच्या श्वासात आणि उघड्या पोत्यांवर जाते. म्हणून अन्नधान्याची गोदामे, शाळांची आवारे व सहली येणारे वाहनतळ यांसाठी सेंद्रिय पिवळ्या रंगद्रव्याचा, शिसेविरहित असे लेखी नमूद केलेला रंग मागणे आवश्यक ठरते. तो महाग असतो. जुने पिवळे पट्टे कोरडे घासून काढतानाही हीच काळजी घ्यावी लागते: पाणी मारून किंवा धूळ ओढून घेणाऱ्या यंत्राने काम करावे.

रेषा मारणे व जुन्या रेषा

बहुतेक अपयशे रंग लावण्यापूर्वीच ठरलेली असतात. तेलाचे डाग साबणाच्या पाण्याने वा तेलनाशकाने काढल्याखेरीज कोणताही रंग धरत नाही. नुसते थिनरने पुसल्यास तेल अधिक पसरते. पृष्ठभाग साफ झाल्यावर दोन टोकांत लाइनदोरी ताणून, तिला रंगीत पूड लावून उडवली असता सरळ खूण उमटते. तिच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून रोलर किंवा ब्रशने, अथवा चाकावरील यंत्राने रंग दिला जातो. टेप रंग पूर्ण कडक होण्याआधीच काढावा लागतो, नाहीतर कड फाटते. हाताला कोरडा लागणारा रंग चाकांसाठी तयार असतोच असे नाही. धावून आलेल्या वाहनाचे तापलेले टायर अर्धवट कडक झालेल्या थरावर उभे राहिले, तर रबरातील मऊपणा आणणारी द्रव्ये रंगात उतरतात आणि गाडी निघताना रंगाचा पापुद्रा टायरसोबत जातो.

मांडणी बदलल्यावर जुनी रेषा काळ्या रंगाने झाकण्याची पद्धत सर्वत्र दिसते. काळा थर झिजला की जुनी रेषा पुन्हा डोके वर काढते. पावसात रात्री दिव्यांच्या प्रकाशात तर काळा गुळगुळीत पट्टाही पांढऱ्यासारखा चमकतो आणि चालकास दोन खणांच्या रेषा एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. जुनी रेषा घासून किंवा उच्च दाबाच्या पाण्याने काढणे खर्चिक असते. डांबरावर ती काढताना खोल चरे पडू नयेत, अन्यथा त्या चऱ्यांत पाणी साचून जुनीच रेषा ओल्या पट्टीच्या रूपाने दिसत राहते.